स्पर्धेचं पत्र ऑगस्टमध्ये येतं, पाय एप्रिलमध्ये घडतो

तालुका शालेय मैदानी स्पर्धांचं पत्र ऑगस्ट-सप्टेंबरात शाळेत येऊन पडतं. प्रार्थना संपली की पीटीचे सर विचारतात, "शंभरला कोण?" एक-दोन पोट्टे स्वतःहून हात वर करतात, तिसऱ्याचा हात मागचे धरून वर करतात, आणि आठ दिवसांच्या सरावावर संघ एसटीत बसतो. त्यात एखादा खरंच पळणारा निघतो. तालुका मारतो, जिल्ह्यात दुसरा येतो, विभागाच्या चार दिवस आधी मांडी धरून खाली बसतो. पुढच्या वर्षी दहावी असते आणि घरचे म्हणतात, झालं तेवढं पुरे. वेग होता, पण वर्ष उलटं लावलेलं होतं.

ही पोस्ट त्या वर्षाबद्दल आहे. १४ ते १९ वयाची, १००-२०० मीटर पळणारी, शाळा-कॉलेज सांभाळणारी आणि सिंथेटिक ट्रॅक फक्त स्पर्धेच्या दिवशी पाहणारी जी मुलंमुली आहेत, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या सरांसाठी.

आधी घड्याळाचं बघू, कारण सगळे गैरसमज तिथून सुरू होतात. "आपला पोट्टा अकरा चारनं पळते" असं गावात सांगतात. तो वेळ घेतलेला कसा असतो? सर सुरुवातीच्या रेषेवर शिट्टी मारतात आणि मोबाइल घेऊन उभा असलेला मित्र शंभर मीटर लांब. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे शिट्टी त्याच्या कानावर पडेपर्यंत ०.२९ सेकंद गेलेले असतात. ११.४१ मध्ये ते मिळवा, ११.७० झाले. हाताच्या घड्याळाचा वेळ नियमाप्रमाणे पुढच्या दशांशावर नेतात, इथे तो ११.७ च राहतो. त्यावर हाताच्या आणि इलेक्ट्रॉनिक वेळेतला फरक १०० आणि २०० मीटरला ०.२४ धरतात (४०० ला ०.१४). झाले ११.९४. हाच पोरगा नागपुरात मानकापूरच्या ट्रॅकवर ११.९ वाचतो आणि त्याला वाटतं आपण आज पळालोच नाही. छत्तीसगडच्या जशपूरकडच्या अनिमेष कुजूरनं जुलै २०२५ मध्ये १०.१८ चा राष्ट्रीय विक्रम केला. अकरा चारवाल्याच्या हिशेबानं मध्ये सव्वा सेकंद उरतो. खरे पावणेदोन सेकंद असतात, आणि त्या अर्ध्या सेकंदाला काही वर्षं लागतात.

दुरुस्ती फुकट आहे. शिट्टीसोबत हात किंवा रुमाल झटक्यात खाली आणायचा आणि शेवटच्या रेषेवरच्यानं कान सोडून डोळ्यांवर घड्याळ सुरू करायचं. थांबवायचं ते छाती रेषेवर आली की. डोकं किंवा हात पुढे आला म्हणून बटण दाबायचं नाही. तिघांनी वेळ घेतला तर मधला धरा, दोघांनी घेतला तर जास्तीचा. अंतर पोलादी टेपनं मोजा, सुतळी ताणली की लांबते. पाठीवर वारा असेल तर वहीत वेळेच्या बाजूला 'वारा' लिहा. विक्रमासाठी सेकंदाला २ मीटरहून जास्त पाठीचा वारा चालत नाही, तेव्हा स्वतःला फसवायलाही तो वापरू नये.

आता मैदान. आपल्याकडे स्पर्धेचा हंगाम पावसाळ्याच्या पोटात सुरू होतो, आणि यवतमाळ, अकोला, अमरावती, वर्धा या पट्ट्यातली काळी माती पावसात तळव्याला किलोभर चिकटते. स्पाइक घातले तर आणखी वाईट, खिळ्यांमध्ये चिखलाचा गोळा बसतो आणि पाय घसरतो. उन्हाळ्यात त्याच मैदानाला भेगा पडतात, त्यात पाऊल मुरगळतं. म्हणून पोरं डांबरी रस्त्यावर पळतात आणि दोन महिन्यांत नडगीच्या आतल्या कडेला दुखणं घेऊन येतात. रस्ता पोलीस भरतीच्या सोळाशेला ठीक असेल, पूर्ण वेगाच्या धावेला अजिबात नाही.

गावात एक मुरमाची पट्टी पुरते. ६० मीटर लांब, अडीच मीटर रुंद, कारण एक लेन १.२२ मीटरची असते आणि दोन लेन त्यात बसतात. दाबून चार इंचांचा थर राहायला सहा-सात ब्रास मुरूम लागतो. मोठे खडे चाळून काढायचे, पाणी मारून रोलर फिरवायचा, आणि एका बाजूला हलकासा उतार ठेवायचा म्हणजे पाणी थांबत नाही. शेवटच्या रेषेपुढे थांबायला आणखी वीस मीटर मोकळी जागा हवीच. कित्येक शाळांत रेषेनंतर पाच पावलांवर कंपाउंडची भिंत असते. पोरं भिंतीच्या भीतीनं ५० मीटरलाच ब्रेक लावायला शिकतात आणि ती सवय स्पर्धेत दिसते. भंडारा-गोंदियाकडे मामा (माजी मालगुजारी) तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, मिळते, तिच्यावर चढायचा तिरपा रस्ता तर सोनंच.

शाळेत २०० मीटरचा गोल ट्रॅक आखत असाल तर एक ठरलेली चूक टाळा. दोन्ही सरळ बाजू ५० मीटरच्या घेतल्या तर दोन वळणांना मिळून १०० मीटर उरतात, म्हणजे धावण्याची त्रिज्या १५.९१५ मीटर. आतली रेषा नुसत्या फक्कीची असेल तर धावण्याचं माप तिच्यापासून २० सेंटिमीटरवर धरतात. म्हणून खुंटीपासून दोरी १५.७१ मीटरची घ्यायची. एका फेरीच्या शर्यतीला दुसऱ्या लेनची सुरुवात ७.६७ मीटर पुढे, तिसरीची १५.३३, चौथीची २३ मीटर. बरेच जण पाठ केलेला ७.०४ आकडा वापरतात. तो आतल्या लेनला उंच कड असलेल्या ट्रॅकचा आहे, कारण तिथे पहिल्या लेनचं माप ३० सेंटिमीटरवर घेतात. फक्कीच्या ट्रॅकवर ७.०४ वापरला की पहिली लेन सोडून बाकी सगळे साठ सेंटिमीटर जास्त पळतात. दुसरा-तिसरा नंबर कोणाचा, हे तेवढ्यात बदलतं.

मूळ मुद्द्यावर येऊ. हंगाम सप्टेंबरात, तर तयारी बोर्डाचा किंवा वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर संपल्यापासून, म्हणजे मार्चअखेर-एप्रिलपासून. विदर्भातला एप्रिल-मे म्हटल्यावर लोक हसतात, पण पहाटे साडेपाच ते सातमध्ये सगळं होतं. आठवड्यात चारच दिवस, दोन वेगाचे आणि दोन ताकदीचे. नवतपाचे, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाचे, नऊ दिवस सरळ सुट्टी किंवा नुसतं चालणं. त्या दिवसांत कमावण्यासारखं काही नसतं, गमावण्यासारखं खूप असतं.

पहिले चार आठवडे चढ. पाळीवर, कालव्याच्या काठावर, पांदण रस्त्याच्या चढावर, जिथे शंभर मीटरला पाच-सहा मीटर उंची मिळते तिथे. ३० मीटरच्या सहा धावा, चालत परत, मध्ये तीन मिनिटं. चढावर पाय आपोआप शरीराखाली पडतो आणि पूर्ण वेग येत नाही, म्हणून हॅमस्ट्रिंगला, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूला, धोका कमी. मग सपाटीवर ३० मीटर, सुरुवात उभ्यानं. जूनपासून पूर्ण वेग: वीस-पंचवीस मीटर हळूहळू वेग घ्यायचा आणि पुढचे २० मीटर जीव तोडून, अशा चारच धावा. विश्रांतीचा साधा हिशेब म्हणजे दर दहा मीटरला एक मिनिट. म्हणजे ४० मीटरच्या एका धावेनंतर चार मिनिटं थांबायचं. हे कोणाला पटत नाही. पोरं बसलेली दिसली की सरांना वाटतं टाइमपास चालला, मग "चला, अजून दहा मारा" सुरू होतं. दमलेल्या पायानं मारलेल्या दहा धावांतून शरीर दमून पळायला शिकतं, जोरात पळायला नाही.

टायर ओढायचा असेल तर मोटरसायकलचा, आणि दोरी ५-६ मीटर लांब. ट्रॅक्टरचा टायर ओढतानाचे व्हिडिओ छान दिसतात, पण त्यात पाऊल जमिनीवर इतका वेळ राहतं की ते पळणं उरत नाही. ताकदीच्या दिवशी बैठका, एका पायाचे लंजेस (एक पाय पुढे टाकून खाली बसणं), आणि पाठीवर झोपून एका पायानं कंबर उचलणं. खांद्यावर वजन लागलंच तर दहा-पंधरा किलो रेतीचं पोतं, पण आधी बिनवजनाच्या बैठका सरळ व्हाव्यात.

वयाचा एक खेळ इथे लक्षात ठेवायला हवा. मुलींची उंची साधारण बाराव्या-तेराव्या वर्षी आणि मुलांची त्यानंतर दीड-दोन वर्षांनी झपाट्यानं वाढते. मुलगा एका वर्षात आठ-दहा सेंटिमीटर वाढला की त्याचे हातपाय त्याला परके होतात, पाऊल कुठेही पडतं, आणि मागच्या वर्षीचा वेळही निघत नाही. सर म्हणतात माजला, घरचे म्हणतात मोबाइल बघतो. त्याला सहा महिने द्या. त्या काळात वजन आणि वेगाची हौस कमी, तंत्र जास्त.

सुरुवात खड्ड्यांतून शिकलेली पोरं जिल्ह्याला पहिल्यांदा स्टार्टिंग ब्लॉक पाहतात आणि पहिल्या तीन पावलांतच शर्यत हरतात. सुताराकडून दोन तिरपे लाकडी ठोकळे करून घ्या, सहा इंची खिळ्यांनी मुरमात ठोका, सरावाला चालतात. बसवायचं माप स्वतःच्या पावलाचं: रेषेपासून दोन पावलांवर पुढचा ठोकळा, तीन पावलांवर मागचा. ज्या पायावर उडी मारता तो पाय बहुधा पुढे. 'सेट'ला कंबर खांद्यांपेक्षा थोडी वर, पुढच्या गुडघ्याचा कोन साधारण काटकोन, मागचा त्याहून मोकळा. नेहमीची चूक म्हणजे बाण सुटल्यासारखं लगेच ताठ उभं राहणं. मान खाली ठेवून पहिली सात-आठ पावलं मागे ढकलत जायचं, डोळे आपोआप वर येतात. आणि गोळीआधी हलणं बंद करा. मोठ्या स्पर्धांत २०१० पासून पहिल्याच चुकीच्या सुरुवातीला बाहेर काढतात. तालुक्याला एक संधी मिळत असेल, तिची सवय लावून घेऊ नका.

स्पाइकचे खिळे बदलता येतील असेच घ्या, सोबत चावी ठेवा. मुरमावर ९ किंवा १२ मिलिमीटर, सिंथेटिकवर नियमानं जास्तीत जास्त ९, आणि बहुतेक ठिकाणी ६-७ च घालू देतात. मित्राचे मागून आणलेले स्पाइक स्पर्धेच्या सकाळी पहिल्यांदा घालणं म्हणजे दुसऱ्या दिवशी पिंढरीचा दगड. निदान दोन आठवडे आधीपासून, दर सरावाला ३० मीटरच्या तीन-चार धावा त्यात काढा.

स्पर्धेच्या दिवसाबद्दल थोडंच. पहिल्या एसटीनं दोन तास गुडघे मुडपून आलेला पोरगा उतरल्या उतरल्या हीटला उभा करू नये. दहा मिनिटं चालणं, दहा मिनिटं हलकं धावणं आणि पाय झुलवणं, मग ३० मीटरच्या तीन धावा वाढत्या वेगानं. १००, २०० आणि रिले एकाच दिवशी, त्यात प्रत्येकाची हीट आणि फायनल, म्हणजे सहा वेळा पूर्ण वेग. सरावात कधी सहा होतात का? मग शाळेच्या गुणांसाठी सगळीकडे नाव घालणाऱ्या सरांना एक प्रकार नको म्हणा. दोन फेऱ्यांमध्ये सावली, स्पाइक काढून ठेवलेले, केळं, गूळ-शेंगदाणे थोडे, आणि पाणी. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चहाचा चमचा मीठ, हे घरचं ओआरएस बाटलीतून न्या. समोसा फायनलनंतर.

एवढं करूनही मांडी जातेच कधीतरी, म्हणून त्यावर सविस्तर. हॅमस्ट्रिंग फाटतो तो बहुधा पाय पुढे फेकून जमिनीला टेकण्याच्या ऐन आधी. त्या क्षणी स्नायू लांब ताणलेला असतो आणि पुढे चाललेल्या नडगीला आवरायचं कामही त्याच्याकडेच असतं. म्हणून तो जॉगिंगमध्ये जात नाही, पूर्ण वेगात जातो, आणि दमलेल्या, झोप न झालेल्या, मध्ये दोन महिने बसून राहिलेल्या पायाचा आधी जातो. रात्री बाराला पुस्तक मिटून पहाटे पाचला मैदानावर, हा कौतुकाचा विषय समजतात. आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या शाळकरी खेळाडूंना दुखापत होण्याची शक्यता १.७ पट आढळलेली आहे.

मागे चाकू लागल्यासारखं झालं की त्या दिवशीचं पळणं संपलं. "थोडंसंच दुखून राह्यलं सर, फायनल मारून घेतो" या वाक्यानं तीन आठवड्यांची दुखापत तीन महिन्यांची होते. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. मांडीला क्रेप बँडेज, न दुखता येईल तेवढं चालणं. पहिले तीन-चार दिवस गरम शेक, तेल चोळणं, जाणकाराकडून 'नस बसवून' घेणं आणि पाय भिंतीला लावून ताणणं, यांतलं काहीही नाही. आत रक्त साकळलेलं असतं, चोळलं की वाढतं. दुखणं मारायची गोळी किंवा इंजेक्शन घेऊन पळणं हा तर स्वतःच्या पायावर मारलेला धोंडा, कारण थांब सांगणारा आवाजच बंद होतो.

एक गोष्ट सर लोकांनी पाठच करावी. १४ ते १७ वयात दुखणं मांडीच्या मध्याऐवजी ढुंगणाच्या हाडाशी असेल, 'टक्' असा आवाज आला असेल आणि बसताना कळ येत असेल, तर स्नायूऐवजी हाडाचा तुकडाच निघालेला असू शकतो. या वयात स्नायूपेक्षा हाडाची वाढणारी कड कच्ची असते. कमरेच्या पुढच्या टोकालाही असं होतं. ग्रामीण रुग्णालयात एक एक्स-रे काढून घ्या. मांडी काळीनिळी झाली किंवा पाय टेकवतच नाही, तरी डॉक्टरांकडेच.

चालणं सरळ झालं की, साधारण पाचव्या दिवसापासून, तीन व्यायाम. पहिला: पाठीवर झोपून दुखरी मांडी दोन्ही हातांनी धरून उभी करायची आणि गुडघा हळूहळू सरळ करायचा, दुखण्याच्या अलीकडे थांबायचं, १२ चे तीन सेट, दिवसातून दोनदा. दुसरा: दुखऱ्या पायावर उभं राहून, गुडघा किंचित वाकवून, पुढे सूर मारल्यासारखं झुकायचं आणि दुसरा पाय मागे उचलायचा, ६ चे तीन, एक दिवसाआड. तिसरा घरच्या गुळगुळीत फरशीवर मोजा घालून: खिडकीचा गज धरायचा, वजन दुखऱ्या पायाच्या टाचेवर, आणि दुसरा पाय मागे सरकवत न्यायचा, हातांच्या जोरानं परत यायचं, ४ चे तीन, दर तिसऱ्या दिवशी. स्वीडनच्या धावपटू आणि उडीपटूंवर याची चाचणी झाली. असे स्नायू लांब करणारे व्यायाम करणारे सरासरी ४९ दिवसांत परतले, नेहमीचे व्यायाम करणारे ८६ दिवसांत.

आता ४९ दिवस कॅलेंडरवर ठेवून पाहा. जिल्हा ते विभाग एवढं अंतर क्वचितच असतं. म्हणजे जिल्ह्याला स्नायू खरोखर फाटला असेल तर विभाग गेला, हे त्याच दिवशी मान्य करावं लागतं. दहाव्या दिवशी पट्टी बांधून पळवलं तर विभाग तसाही जातो आणि सोबत पुढचं वर्ष जातं. एकदा फाटलेला स्नायू परत फाटण्याचा धोका परतल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्यात जास्त असतो.

परतायच्या आधी तीन गोष्टी बघा: दाबून दुखत नाही, पाठीवर झोपून सरळ पाय दोन्ही बाजूंना सारखाच वर जातो, आणि टाच खुर्चीवर ठेवून एका पायानं कंबर उचलणं दोन्ही पायांवर २५ वेळा सारखं होतं. मग एक दिवसाआड ४० मीटरच्या चार धावा. टक्केवारी घड्याळावरून काढायची. तुमचा ४० मीटरचा चांगला वेळ ५.४ असेल तर ८० टक्के वेग म्हणजे ५.४ भागिले ०.८, म्हणजे ६.७५ सेकंद, ९० टक्के म्हणजे ६ सेकंद. ६० वरून ७०, ८०, ९०, आणि ९० वर निदान दोन दिवस. ब्लॉक त्यानंतर, वळण सगळ्यात शेवटी. कुठल्याही पायरीवर खेचल्यासारखं वाटलं तर एक पायरी खाली.

दुखापत होऊच नये म्हणून नॉर्डिक. दुमडलेल्या पोत्यावर गुडघे टेकायचे, जोडीदारानं टाचा दाबून धरायच्या, आणि गुडघ्यापासून डोक्यापर्यंत फळीसारखं सरळ राहून जमेल तितकं हळू पुढे पडायचं, शेवटी हातांवर. पहिल्या आठवड्यात एकच दिवस, ५ चे दोन सेट. दुसऱ्यात दोन दिवस, ६ चे दोन. तिसऱ्यात तीन दिवस, ६ चे तीन. पहिल्यांदा केल्यावर दोन दिवस जिना उतरवत नाही, म्हणून हे एप्रिल-मेमध्ये सुरू करायचं, स्पर्धेच्या आठवड्यात नाही. नियमित करणाऱ्या संघांमध्ये हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्या होतात.

विदर्भात एक वेगळी काळजी आहे, सिकलसेल, म्हणजे आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट, सगळीकडे याचे वाहक (स्वतः आजारी नसलेले, पण आजार पुढच्या पिढीत नेऊ शकणारे) आहेत आणि बहुतेकांना ते माहीत नसतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची तपासणी होते, ती हंगामाआधी करून घ्या. आजार असलेल्यांनी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय वेगाचा सराव करू नये. वाहक मात्र पळू शकतात. त्यांनी सराव हळूहळू वाढवायचा, धावांमधली विश्रांती जास्त ठेवायची, पाणी सोडायचं नाही, तापात किंवा जुलाबात पळायचं नाही, आणि न थांबता फेऱ्या मारायची 'शिक्षा' कधीच घ्यायची नाही. उन्हात लागोपाठ धावांनंतर असा मुलगा पाय गळून खाली बसला तर त्याला नाटकी म्हणू नका. पायात साधा गोळा आला की पिंढरी दगडासारखी घट्ट होते. यात स्नायू मऊच असतो, नुसती ताकद जाते आणि दुखतं. त्याला सावलीत घ्या, गार करा, ऑक्सिजन मिळेल अशा दवाखान्यात लगेच न्या. वाट पाहू नका.

खाण्यात घरचंच पुरतं. ५५ किलोच्या पोराला दिवसाला ८० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. ज्वारीच्या चार भाकरी, वाटी-दीड वाटी घट्ट वरण, दोन अंडी, मूठ-दीड मूठ शेंगदाणे, एक ग्लास दूध आणि २५ ग्रॅम सोयावडी, एवढ्यात हिशेब जुळतो. गंमत म्हणजे सोयाबीन आपल्या वावरात पिकतं, सगळं बाजार समितीत जातं, आणि पोरगं तालुक्याच्या जिममधून पावडरचा डबा आणतं. कच्चं सोयाबीन मात्र खाऊ नका, ते शिजवूनच पचतं.

पोलीस भरतीचा आणि स्प्रिंटचा सराव एकत्र करणाऱ्यांसाठी दोन शब्द. मुलांच्या मैदानी चाचणीत ५० गुण असतात, १६०० मीटरला २०, शंभर मीटरला १५, गोळ्याला १५. शंभरचे पूर्ण १५ गुण ११.५० ला मिळतात. रोज पाच किलोमीटर रस्त्यावर पळून ते येत नाहीत. लांब पळणं आणि पूर्ण वेग एकाच सकाळी घ्यायचाच असेल तर वेग आधी, लांब नंतर, आणि आठवड्यात वेगाचे दोन दिवस ताजे पाय ठेवून.

अभ्यासाचं गणित लोक समजतात तेवढं अवघड नाही. दीड तासाचे चार दिवस म्हणजे आठवड्याला सहा तास. अभ्यास बुडतो तो स्पर्धांच्या प्रवासात आणि त्या काळात सुटलेल्या प्रॅक्टिकलमध्ये. स्पर्धेचं वेळापत्रक आलं की मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र विषयशिक्षकांना आधीच द्या आणि बुडणारी प्रॅक्टिकल कधी भरून घेणार ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या. कॉलेजात हिवाळी परीक्षा आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा एकमेकींवर येतात, म्हणून त्या सत्राचा अभ्यास सप्टेंबरअखेर अर्धा व्हायला हवा. अकोल्याला खोली करून बारावीचे क्लासेस लावलेल्यांनी तर ते वर्ष स्पर्धेचं धरूच नये, नुसतं पाय राखण्याचं धरावं.

राखायला थोडंच लागतं. जानेवारी ते मार्च आठवड्यातून दोन दिवस, चाळीस मिनिटं: ३० मीटर चार वेळा, ६० मीटर ९० टक्क्यांनी दोनदा, नॉर्डिक ५ चे दोन सेट. परीक्षेसाठी तीन महिने पूर्ण बंद, आणि शेवटच्या पेपरच्या संध्याकाळी मित्रांसोबत शंभरची पैज, यातच कितीतरी मांड्या गेलेल्या आहेत.

कागदांचंही याच काळात उरकून घ्या. प्रमाणपत्रावरचं नाव टीसीवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतं का ते बक्षीस समारंभाच्या जागीच बघा, नंतर दुरुस्तीला वर्ष जातं. सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव शाळेकडून जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत मंडळाकडे जातो, तो गेला का हे स्वतः विचारा. पुढे सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी हीच प्रमाणपत्रं विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळून घ्यावी लागतात, तेव्हा मूळ प्रती लॅमिनेट न करता फायलीत ठेवा.

शेवटचा पेपर झाला की चार-पाच दिवस झोप काढा. मग पहाटे पाळीवर, ३० मीटरच्या सहा धावा, चालत परत. पहिले दोन आठवडे स्पाइक पिशवीतच राहू द्या.